संस्मरणीय मुक्काम

आमचे चिरंजीव स्वीडनमध्ये असतात. फेब्रुवारीत आम्हां उभयतांना तिकडे न्यायचे त्यांनी ठरवले आहे. परवा व्हॉट्सॲपवर तीन फोटो आले आणि खाली मजकूर : "बाबा, यातलं एक निवडा. ट्रिप एकदाच होते, हॉटेल मेमोरेबल पाहिजे."

या 'संस्मरणीय हॉटेल' प्रकरणाविरुद्ध मला आता जाहीरपणे बोललेच पाहिजे. घरात बोलून पाहिले, उपयोग झाला नाही.

मुळात आमच्या पाचोऱ्यात हॉटेल ही झोपायची जागाच नव्हे. हॉटेलात माणूस शेवभाजी खातो, चहा पितो, राजकारण करतो आणि उठून घरी जातो. झोपायचे ते लॉजवर, आणि लॉजवर तोच झोपतो ज्याचे गावात कोणी नाही. पाहुणा लॉजवर उतरला तर यजमानाला चार लोकांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

फोटो पहिला. उत्तर स्वीडनमधले युक्कासयार्वी हे गाव. 1989-90 च्या हिवाळ्यापासून तिथे बर्फाचे हॉटेल बांधतात. टॉर्ने नदीतला बर्फ कापून साठवायचा, थंडी पडली की त्याच्या खोल्या उभ्या करायच्या, खाटाही बर्फाच्याच. वर रेनडियरचे कातडे. खोलीत उणे 5 ते उणे 8 तपमान. वसंत आला की हिवाळी हॉटेल वितळून परत नदीत. कारागिरी थोर आहे, नाही म्हणत नाही. पण झोपायला? शेजारच्या आप्पांना फोटो दाखवला. केळीच्या धंद्यात जन्म गेलेला माणूस, त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "भो, पैसा दिसन थंडी काबरं खावानी?" बर्फाच्या कारखान्यात हमाली करणाऱ्याला त्याच गारठ्याची मजुरी मिळते, आणि आम्ही ती मोजून द्यायची!

फोटो दुसरा : फिनलंडमधला काचेचा इग्लू. पलंगावर पडल्यापडल्या आकाश दिसते आणि नशीब असेल तर उत्तरेकडचा तो हिरवा प्रकाशही. ढग असले तर ढग दिसतात, पैसे तेवढेच. आता वैशाखात पारा 45 च्या घरात गेला की आख्खा पाचोरा गच्चीवर झोपतो. ओली चादर, उशाशी तांब्या, वर सप्तर्षी आणि मध्येच भुसावळकडे जाणाऱ्या मालगाडीचा धडधडाट. काचसुद्धा आड नाही. आजवर याचे बिल कोणी दिलेले नाही.

फोटो तिसरा हाराड्सचा. 2010 पासून तिथे झाडांवर खोल्या टांगल्या आहेत. एक आरशाच्या चौकोनी डब्यासारखी, एक पक्ष्याच्या घरट्यासारखी. आमच्याकडे ज्वारी निसवली की पाखरे राखायला शेतात माळा बांधतात. त्यावर झोपणाऱ्या गड्याला लोक 'बिचारा' म्हणतात.

तरी माझे खरे भांडण थंडीशी नाही, काचेशी नाही, भाड्याशी तर मुळीच नाही (ते चिरंजीव भरणार). भांडण आहे ते आठवण आगाऊ बुक करण्याशी. तुम्ही आयुष्यभर काय लक्षात ठेवायचे हे हॉटेलवाला ठरवणार, त्याचा फोटो आधी पाठवणार, आणि तुम्ही जाऊन फोटोबरहुकूम झाले की नाही तेवढे तपासून यायचे. ही काय स्टॉक-तपासणी आहे?

यावर सौ. म्हणाली, "मग पहूर कोणी बुक केलं होतं?"

इथे मला गप्प बसावे लागले, कारण तिने माझाच मुद्दा माझ्या हातून काढून घेतला. 1974 साल. लग्नाला चार महिने झाले होते. पाचोऱ्याहून पीजेने पहूरला उतरलो आणि तिथून अजिंठा पाहायला गेलो. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर नॅरोगेज. 2020 पासून बंद पडली आहे, आता तिची ब्रॉडगेज होणार म्हणतात. बारा नंबरच्या लेण्यात भिक्षूंच्या खोल्या आहेत, आत दगडी ओटे. "एवढ्याशा जागेत झोपायचे कसे?" असे ही विचारीत होती. मी विद्वत्ता पाजळत बसलो आणि परतीची गाडी चुकली. रात्र पहूरच्या फलाटावर, एका बाकावर. डब्यात दादरची दीड भाकरी आणि मिरचीचा ठेचा. पहाटे तिने तिच्या लहानपणीच गेलेल्या आईबद्दल सांगितले, पहिल्यांदाच. तोवर आम्ही एकमेकांना नीटसे नावही घेऊन हाक मारीत नव्हतो.

या मुक्कामाला मी कुठल्या फोटोत बसवू?

आता ध्यानात ठेवायला सांगितलेला मुद्दा. चिरंजीवांचे तिथे स्वतःचे घर आहे. दोन खोल्यांचे. सून, नात आणि ते. अकरा वर्षे झाली, आम्ही ते फक्त मोबाइलवर पाहिले आहे; त्यातही भिंत आणि दिव्याची शेड. स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे हे सौ.ला अजून कळलेले नाही. आणि तीन फोटोंत त्या घराचा फोटो नव्हता. त्याचा हेतू चांगला आहे, मला ठाऊक आहे. आईबापांना अडचण नको, चांगले काही दाखवावे. पण पाचोऱ्यात आम्ही एकाच खोलीत नऊ माणसे निजवली आहेत, त्याच्या मुंजीत तर चौदा. तो स्वतः तेव्हा धान्याच्या कोठीवर झोपला होता. हे तो विसरला असेल असे मला वाटत नाही.

काल रात्री उत्तर लिहिले. "चौथा पर्याय निवडला आहे. तुझ्या बैठकीच्या खोलीत जमिनीवर गादी टाक. बर्फ खिडकीतून दाखव."

पाठवणार तेवढ्यात सौ.ने मोबाइल घेतला, चष्मा लावला, वाचले आणि खाली आपल्या बोटांनी सावकाश भर घातली : "एक रात्र काचेचं पण चालेल. बाकी दिवस घरी. भरताची वांगी तिकडे मिळतात का ते कळव."