कृपेवर विसंबलेल्यांचे कष्ट

उत्तर आफ्रिकेतल्या हद्रुमेतुम इथल्या मठात (आजच्या ट्युनिशियातले सूस शहर) इ.स. 426च्या सुमारास साधूंमध्ये वाद पेटला. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याचे एक पत्र त्यांच्या हाती पडले होते. चांगले करण्याची इच्छासुद्धा माणसात देवाच्या कृपेनेच उपजते, असा त्याचा आशय. काही साधूंनी लगेच निष्कर्ष काढला: मग आम्ही चुकलो तर मठाधिपतीने आम्हाला रागावू नये, फक्त आमच्यासाठी प्रार्थना करावी. ऑगस्टिनने या मठासाठी एक सोडून दोन ग्रंथ लिहिले. कृपेचा एवढा कैवारी, पण त्याने त्या साधूंची बाजू घेतली नाही. प्रार्थना हवी आणि कानउघाडणीही हवी, असे त्याने बजावले.

हाच युक्तिवाद आज मराठी प्रार्थनासभांतही ऐकू येतो. तारण कृपेने होते, कर्मांनी नव्हे. तेव्हा शिस्त, नेम, स्वतःला वळण लावणे म्हणजे नियमशास्त्राकडे परत जाणे. यातला पहिला भाग निर्विवाद खरा आहे. दुसरा प्रेषित पौलाचा नाहीच. आपण जे काही आहोत ते कृपेमुळे, असे करिंथकरांना सांगणारा पौल त्याच दमात इतर प्रेषितांपेक्षा आपण जास्त राबलो असेही सांगतो, आणि त्या राबण्याचे श्रेयही कृपेलाच देतो.

खेदाची गोष्ट अशी, की जिथे 'फक्त कृपा' हा घोष सर्वांत मोठा, तिथेच आजारी मूल बरे झाले नाही की आईला विचारले जाते, तुझा विश्वास कमी पडला का? कर्मांची वही मिटून विश्वासाची वही उघडली, एवढाच फरक. त्या आईवर हा उघड अन्याय आहे.

दुसऱ्या टोकाला ऑगस्टिनच्या काळातला ख्रिस्ती शिक्षक पेलागियस. रोममधल्या ख्रिस्ती लोकांचे सैल वागणे पाहून तो व्यथित झाला. ती तळमळ खरी होती. पण माणसाने ठरवले तर तो स्वबळावर निष्पाप जगू शकतो, ही त्याची शिकवण खचलेल्याला आणखी खचवणारी होती. 418मध्ये कार्थेजच्या परिषदेने ती फेटाळली. तरी उपास आणि दशांश यांच्या हिशेबात ती टिकून आहे: इतके दिले, आता देवाने इतके द्यावे.

या वादात पंडिता रमाबाईंची साक्ष दोन्ही बाजूंना अडचणीची ठरते. 1883मध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. आणि एवढे सगळे करूनही, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगले. सेवा म्हणजेच ख्रिस्ती जीवन मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पण कृपेच्या नावाने हात बांधून बसणाऱ्यांनी पुढचेही पाहावे. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, आजारी, अंगावर धड कपडा नसलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावला, मुक्ती सदन या आपल्या आश्रमात, विहिरी खणून घेतल्या, शेती उभी केली. मुली विणकाम, घाण्यावर तेल काढणे, छापखान्यातली खिळेजुळणी शिकल्या. 1905मध्ये मुक्ती सदनात आत्मिक पुनरुज्जीवन झाले, रडत-प्रार्थना करत तास गेले. त्यानंतर मुलींच्या तुकड्या शुभवर्तमान घेऊन आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. उतारवयात हिब्रू आणि ग्रीकशी झगडत रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. 1922मध्ये त्या गेल्या. संपूर्ण बायबल 1924मध्ये छापून आले.

मुक्ती सदनाचा दरवाजा कोणत्याही मुलीने कष्ट करून उघडला नव्हता. तिला आधी आत घेतले, न्हाऊ-खाऊ घातले, मग अक्षर आणि काम शिकवले. ज्या मुलीचे काम बिघडले तिचे घर त्यामुळे जात नव्हते, आणि घर मिळाले म्हणून कोणी रिकामे बसत नव्हते. कृपा आणि प्रयत्न यांचा क्रम हाच आहे. तो उलटा केला की पेलागियस उरतो, आणि दुसरी पायरी गाळली की हद्रुमेतुमचे साधू.

म्हणून एखादा मंडळीत उभा राहून दारू सुटल्याची साक्ष देतो, तेव्हा पाळकाने 'हालेलूया'वर थांबू नये. त्या माणसासाठी रोज प्रार्थना करावी, आणि सोमवारी त्याला घेऊन व्यसनमुक्ती केंद्रात जावे. गुत्त्यावरच्या जुन्या सोबत्यांपासून तोडावे, उधारी फेडायला बसवावे, पुन्हा घसरला तर स्पष्ट शब्दांत झापावे आणि तरीही पुढच्या रविवारी त्याची जागा राखून ठेवावी.