आपल्याच पैशांची ईदी

नववीच्या वर्गात नफा-तोट्याची उदाहरणे चालली होती. पुस्तकातला फळविक्रेता आणि त्याची आंब्यांची पेटी मुलांना कंटाळवाणी वाटू लागली, म्हणून आम्ही वर्तमानपत्रातला एक आकडा फळ्यावर लिहिला. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तीन कंपन्यांचा २०२३-२४ या वर्षातला एकत्रित नफा जवळजवळ ८१ हजार कोटी रुपये होता. किती शून्ये लिहायची, यावरच पाच मिनिटे गेली. तेवढ्यात मिरकरवाड्याकडचा एक मुलगा उठला. त्याच्या अब्बांची नौका आहे. तो म्हणाला, "सर, कंपनी सरकारची, सरकार आपलं. मग हा नफा आपलाच ना? आपल्याला कधी मिळतो?"

मागच्या बाकावरून कुणीतरी उत्तर दिले, "इलेक्शनला!"

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण घरी येताना स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला थांबलो आणि ते उत्तर पुन्हा आठवले. पोराने थट्टेत जे म्हटले, ते तारखा लावून तपासून पाहायला काय हरकत आहे?

आपल्या कोकणी मुसलमानांच्या घरात तेल दोन दारांनी येते. एका दाराने आखातातून भावाचा, जावयाचा पैसा येतो. दुसऱ्या दाराने सिलिंडरवाला येतो, पंपाची पावती येते, नौकेच्या डिझेलचा हिशेब येतो. खनिज तेल उतरले की कुवेत-दुबईतल्या नोकऱ्यांची काळजी, आणि चढले की इथल्या चुलीची. म्हणून तेलाचे राजकारण हा आपल्यासाठी दिल्लीतल्या बड्या लोकांचा विषय नाही. तो आपल्या दस्तरखानावरचा विषय आहे.

कागदावर पाहिले तर पेट्रोलचा भाव सरकार ठरवत नाही. जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. १६ जून २०१७ पासून तर देशभर रोज सकाळी ६ वाजता नवा भाव लागू लागला. जगाच्या बाजारात तेल चढले की इथे चढेल, उतरले की इथे उतरेल, असे आपल्याला सांगितले गेले. नियम सरळ होता. शिक्षक म्हणून आम्हाला असे नियम आवडतात.

पण हा नियम काही दिवशी गैरहजर राहतो, आणि ते दिवस नेमके कोणते ते पाहण्यासारखे आहे.

मे २०१८ मध्ये कर्नाटकात विधानसभेची निवडणूक होती. एप्रिलच्या अखेरीपासून भाव १९ दिवस जागचे हलले नाहीत. १२ मे रोजी मतदान झाले आणि १४ मेपासून भाव पुन्हा चढू लागले. नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात उत्तर प्रदेश, पंजाबसह पाच राज्यांच्या निवडणुका गाजत होत्या. तेव्हा १३७ दिवस भाव गोठले. मध्येच रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेल पिंपाला १२० डॉलरच्या वर गेले, तरी पंपावरचा आकडा हलला नाही. निकाल लागून शपथविधीची तयारी सुरू झाली आणि २२ मार्चपासून जी वाढ सुरू झाली, ती सव्वादोन आठवड्यांत लिटरला १० रुपयांवर गेली.

या गोठवण्याची किंमत कुणीच मोजली नाही, असे नाही. आपल्या किनाऱ्याने ती मोजली. मार्च २०२२ मध्ये पंपावरचे भाव स्थिर ठेवून कंपन्यांनी घाऊक ग्राहकांचे डिझेल एकदम २५ रुपयांनी वाढवले. मुंबईत पंपावर ९४ रुपयांना मिळणारे डिझेल घाऊक ग्राहकाला १२२ रुपयांना पडू लागले. घाऊक ग्राहक म्हणजे कोण? कारखाने, एसटी महामंडळ, आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थासुद्धा. एसटीच्या गाड्या रस्त्यावरच्या पंपावर रांगेत उभ्या राहिल्या. नौकेला ते कसे जमावे? स्कूटरवाला मतदार खूश राहावा म्हणून जो बोजा उचलायचा होता, त्यातला काही खलाशाच्या डोक्यावर ठेवला गेला. आमच्या वर्गातल्या त्या मुलाला हे कुणी समजावून सांगितलेले नाही, पण त्याच्या घराने ते सोसलेले आहे.

आता त्या ८१ हजार कोटींकडे येऊ. इथे न्यायाने बोलले पाहिजे, नाहीतर आपण मास्तर कसले? २०२२ मध्ये जगात तेल भडकले तेव्हा या तीन कंपन्यांनी पंपावर तोटा सोसला हे खरे आहे. एप्रिल ते जून २०२२ या तीन महिन्यांत त्यांचा एकत्रित तोटा १८ हजार कोटींहून जास्त होता. गॅसच्या तोट्यापोटी सरकारने ऑक्टोबरमध्ये त्यांना २२ हजार कोटी रुपये दिले. त्या काळात भाव बाजारावर सोडले असते तर आपल्या घरांचे हाल झाले असते. भाव रोखण्याने गरिबाला आधार मिळाला, हे कबूल केलेच पाहिजे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. २०२३ मध्ये तेल बरेच खाली आले. पंपावरचा भाव मात्र तिथेच राहिला. राज्य सरकारच्या जुलै २०२२ मधल्या व्हॅट कपातीनंतर मुंबईत पेट्रोल १०६ रुपये ३१ पैसे झाले होते. ते पुढचे २० महिने एका पैशाने हलले नाही. चढताना कंपनीने तोटा घेतला आणि उतरताना आपण तो भरून दिला, इथपर्यंत हिशेब रास्त आहे. पण तोटा भरून निघाल्यावरही भरणा चालू राहिला, तेव्हा ८१ हजार कोटी जमले. मागच्या कित्येक वर्षांत दिसला नव्हता असा तो नफा होता.

मग तारखा बघा. २९ ऑगस्ट २०२३ रोजी सिलिंडर २०० रुपयांनी स्वस्त झाल्याची घोषणा झाली. ८ मार्च २०२४ रोजी महिला दिनाची भेट म्हणून आणखी १०० रुपये कमी झाले. १४ मार्चच्या रात्री पेट्रोल-डिझेल २ रुपयांनी उतरवल्याचे जाहीर झाले, आणि दुसऱ्या दिवशी, रमजानच्या पहिल्या जुम्म्याला, नवा भाव लागू झाला. १६ मार्चला निवडणूक आयोगाने लोकसभेचे वेळापत्रक जाहीर केले. म्हणजे आचारसंहितेच्या आदल्या दिवसापर्यंत ईदी वाटून झाली होती.

ईदी हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. लहानपणी ईदच्या दिवशी चाचा, मामू, खाला यांच्याकडून मिळालेल्या नोटा संध्याकाळी अम्मीच्या हातात जात. "दे, सांभाळून ठेवते." पुढे शाळा उघडताना त्यातूनच बूट येत आणि आम्ही ते अम्मीने घेऊन दिले म्हणून मोहल्लाभर मिरवत असू. अम्मीने ते पैसे आमच्यावरच खर्च केले, म्हणून तिच्याशी आमचा काही झगडा नाही. पण एखाद्या शेजाऱ्याने आपल्याच गल्ल्यातून पैसे घ्यावेत, वर्षभर वापरावेत आणि ईदच्या सकाळी त्यातली एक नोट देऊन म्हणावे, "घे बेटा, माझ्याकडून," तर? हातात आलेली ती नोट घ्यावी जरूर. पण सलाम करताना एवढे ध्यानात असावे की ही ईदी नाही, ही वापसी आहे. कर्ज फेडणे चांगलेच, पण ते सदक्यात मोडत नाही.

हा खेळ एकाच पक्षाचा आहे असेही नाही. १९७३ मध्ये तेल महागले तेव्हा विरोधी बाकावरचे अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. पुढे काँग्रेस आघाडीच्या सरकारने भाव दाबून ठेवले आणि कंपन्यांना रोख रकमेऐवजी तेलरोखे दिले. सुमारे १ लाख ३० हजार कोटींचे ते रोखे पुढच्या सरकारच्या, म्हणजे पुढच्या करदात्यांच्या गळ्यात आले. नंतरच्या सरकारने उलटी वाट धरली. २०१४ मध्ये पेट्रोलवर केंद्राचा अबकारी कर लिटरला साडेनऊ रुपयांच्या आसपास होता. मे २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे जगभर तेल मातीमोल झाले असताना तो जवळजवळ ३३ रुपयांवर गेला. स्वस्ताई आली होती, पण ती आपल्या दारापर्यंत पोहोचलीच नाही. एप्रिल २०२५ मध्येही तेच झाले. तेल उतरले, अबकारी कर २ रुपयांनी वाढला, पंपावरचा आकडा तोच राहिला. सिलिंडर मात्र ५० रुपयांनी चढला.

अमेरिकेतही पंपावरच्या पाटीला राष्ट्राध्यक्ष घाबरतात. जून २०२२ मध्ये तिथे गॅलनचा सरासरी भाव ५ डॉलरच्या वर गेला आणि बायडन यांची लोकप्रियता घसरलेली होती. त्यांनी तेल कंपन्यांना जाहीर दम दिला की युद्धातून मिळालेला हा नफा आहे, त्यावर जादा कर लावू. एक्सॉनने त्या वर्षी सुमारे ५६ अब्ज डॉलर कमावले. कर काही लागला नाही. पण तिथे राष्ट्राध्यक्ष एकीकडे आणि कंपनी दुसरीकडे, हे लोकांना दिसते तरी. आपल्याकडे इंडियन ऑइलचा निम्म्याहून जास्त हिस्सा केंद्र सरकारचा आहे. नफ्यातून लाभांश सरकारलाच, कर सरकारलाच, आणि कपातीचे श्रेयही सरकारलाच. दम कोण कुणाला देणार?

रत्नागिरीला या तिन्ही कंपन्या आणखी एका नात्याने ठाऊक आहेत. राजापूर तालुक्यातला नाणारचा प्रकल्प याच तिघींचा, सौदी अरामको आणि अबू धाबीच्या कंपनीबरोबरचा. गावे वर्षभर विरोध करत होती. जमिनीची अधिसूचना रद्द झाली ती मार्च २०१९ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, युतीची गाठ बसल्यावर. निवडणुका झाल्या आणि पुढे बारसूचे नाव आले. लोकांचे म्हणणे ऐकले जाते, पण कधी, याचे कॅलेंडर ठरलेले आहे.

म्हणून रागावून उपयोग नाही आणि खूश होऊनही नाही. मतदारही तेवढा भोळा नसतो. मार्च २०२४ च्या सगळ्या भेटींनंतरही सत्ताधारी पक्ष ३०३ वरून २४० जागांवर आला. लोक केवळ सिलिंडर पाहून मत देत नाहीत, ही दिलासा देणारी गोष्ट आहे.

घरात एक काम मात्र करता येईल. वाण्याच्या वहीशेजारी एक पान तेलाचे ठेवावे. सिलिंडर किती तारखेला, किती रुपयांना आला आणि पेट्रोल किती लिटर भरले, ते मुलांनी लिहावे. आमच्या स्कूटरला महिन्याला २० लिटर लागते. २ रुपयांच्या कपातीने आमचे महिन्याला ४० रुपये वाचले. या ४० रुपयांसाठी कुणाचे उपकार मानायचे, हे मग शांतपणे ठरवता येते. आणि उमेदवार दारात आला की भाव कमी करा असे म्हणण्यापेक्षा विचारावे, तेल उतरते तेव्हा आमचा वाटा लगेच का मिळत नाही? गोठवायचे असेल तर किती काळ, कोणत्या हिशेबाने, हे आधी का सांगत नाही? मच्छीमाराला त्या हिशेबात कुठे बसवले आहे?

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर फळ्यावरचा आकडा पुसलेला होता. त्या मुलाने तो वहीत उतरवून घेतला होता, सगळ्या शून्यांसकट. खाली त्याने अब्बांकडून विचारून आणलेला त्या आठवड्याच्या डिझेलचा खर्च लिहिला होता. दोन्ही आकड्यांच्या मध्ये त्याने बरोबरचे चिन्ह काढले नव्हते. प्रश्नचिन्ह काढले होते. आम्ही त्याला पूर्ण गुण दिले.