आभाराचा हिशेब

पॅरिसमध्ये दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे जगभरचे विद्यार्थी आपापले जीवशास्त्रातले प्रयोग मांडायला जमतात. 'आयजेम' नावाची ही स्पर्धा आहे. तिथे पदक हवं असेल तर प्रयोगासोबत आणखी एक गोष्ट लिहून द्यावी लागते: यातलं कोणतं काम आम्ही स्वतः केलं, कोणतं दुसऱ्यांनी करून दिलं, आणि कुणी नेमकी कसली मदत केली. ही नोंद नसेल तर प्रयोग कितीही देखणा असो, पदक मिळत नाही.

ही अट मला फार मोलाची वाटते. आपल्या समारंभांत आभार मानले जातात ते बहुधा मानाच्या क्रमाने: आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग देणगीदार, आणि वेळ उरलाच तर 'ज्ञात-अज्ञात सर्व'. त्या 'अज्ञात'मध्ये ज्यांनी खरा घाम गाळला ती माणसं राहून जातात. इथे क्रम कामाचा असतो. कुणी काय केलं तेवढंच विचारलं जातं, आणि त्यामुळे आभार मानायला बसलेल्या मुलांना आठवावं लागतं.

थोडं या स्पर्धेविषयी. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये २००३च्या जानेवारीत, दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत, एक छोटा अभ्यासक्रम सुरू झाला. जनुकांचे ठरावीक काम करणारे तुकडे विटांसारखे एकमेकांना जोडायचे आणि जिवाणूकडून नवं काम करून घ्यायचं, अशी ती कल्पना. पुढच्याच वर्षी पाच विद्यापीठांच्या चमूंची स्पर्धा झाली. आज दर वर्षी तीनशेहून अधिक चमू उतरतात. आपल्याकडून पुण्याच्या आयसरचे, मुंबईच्या आयसीटीचे विद्यार्थी त्यात जाऊन आले आहेत.

यातले काही प्रयोग विसरता येत नाहीत. २००६ साली एडिनबरोच्या विद्यार्थ्यांनी विहिरीच्या पाण्यातलं आर्सेनिक ओळखणारा जिवाणू तयार केला. बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये लाखो लोक असं पाणी पितात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, आणि एवढं कमी आर्सेनिक घरच्या घरी कळायला सोपा मार्ग नव्हता. आर्सेनिकची चाहूल लागली की जागं होणारं जनुकांचं एक बटण ई-कोलाय या जिवाणूच्या अंगी निसर्गतःच असतं. या मुलांनी त्या बटणाला आम्लता बदलण्याचं काम जोडलं. म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतल्यासारखा निर्देशक घातला की रंगावरून पाणी कसं आहे ते कळावं. आणि २००९ साली बेंगळुरूच्या सृष्टी या कला-अभिकल्प संस्थेतली मुलं उतरली. जीवशास्त्राची पदवी नसलेल्या या मुलांनी जिओस्मिन तयार करणारा ई-कोलाय करायचं ठरवलं. पहिल्या पावसात मातीचा जो वास सुटतो, त्यामागे हाच रेणू असतो. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूंकडे तो बनवण्याचं जनुक असतं. चित्रकला शिकणाऱ्यांना पिपेट धरायला कुणी तरी शिकवलं, कुणी तरी आपल्या प्रयोगशाळेचं दार उघडं ठेवलं, म्हणून हे होऊ शकलं.

त्या दाराआड काय चालतं ते देणगी देणाऱ्यांना सहसा दिसत नाही. थर्माकोलच्या पेटीतून बर्फात एन्झाइम येतात, ते उणे २० अंशाच्या फ्रीझरमध्ये जातात. उणे ८०मधून पेशींची इवलीशी नळी काढायची, बर्फावर ठेवायची, त्यात डीएनए सोडायचा, मिनिटभरही नाही इतका वेळ ४२ अंशाच्या पाण्यात धरायची आणि पुन्हा बर्फावर. मग प्लेटवर पसरायचं आणि रात्रभर ३७ अंशांत ठेवून द्यायचं. सकाळी उजाडताच कुणी तरी येऊन इन्क्युबेटर उघडतं. बहुतेक वेळा प्लेट कोरी असते. कधी जिवाणूंचे ठिपके, म्हणजे कॉलन्या, येतात, पण डीएनएचा आकार तपासायला जेल रन केल्यावर त्याचा पट्टा, म्हणजे बँड, भलत्याच जागी दिसतो. मग प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, नव्याने मागवायचे, पुन्हा आठवडा थांबायचं. देणगीचे बरेचसे पैसे याच कोऱ्या प्लेटांमध्ये जातात, आणि ते तिथेच जायला हवेत. त्यांच्याशिवाय एकही भरलेली प्लेट निघत नाही.

मोठ्या कंपन्यांचा वाटा मोठा असतोच. डीएनए तयार करून देणाऱ्या आयडीटी या कंपनीने अनेक वर्षं स्पर्धेतल्या चमूंना २० हजार बेस लांबीपर्यंतचा डीएनए मोफत दिला, ट्विस्ट या कंपनीनेही दिला. ही मदत नसती तर आपल्याकडच्या कित्येक चमूंना सुरुवातही करता आली नसती. पण त्यांचे आभार टी-शर्टवरच्या बोधचिन्हात आपोआप मानले जातात. लॅबमधले मामा मात्र टी-शर्टवर येत नाहीत. १२१ अंशांवर, पंधरा पौंड दाबाला ऑटोक्लेव्ह लावणारे, शिटी होईपर्यंत उभे राहणारे, फ्लास्कमध्ये साबणाचा अंश राहू नये म्हणून तो पुन्हा पुन्हा खळबळणारे मामा. जनुक बदलून काम करायचं तर आपल्याकडच्या १९८९च्या नियमांप्रमाणे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. परीक्षांच्या धामधुमीत तो अर्ज बारकाईने वाचून प्रश्न विचारणाऱ्या मॅडमही कुठल्या फलकावर दिसत नाहीत. त्यांनी दोनदा अर्ज परत पाठवला असेल, तर दोनदा आभार मानायला हवेत.

आणखी एक माणूस आहे, ज्याचे आभार मानायचं मुलांना सुचतच नाही: नकार देणारा. समाजातल्या लोकांशी बोलून प्रकल्प तपासून घ्या, असा या स्पर्धेचा आग्रह असतो. मुलं शेतकऱ्याकडे जातात, डॉक्टरकडे जातात. आपल्याकडे २००२पासून जनुक बदललेला बीटी कापूस आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने त्याचा भरही पाहिला आणि पुढे गुलाबी बोंडअळी परत आलेलीही पाहिली. जनुकं बदलण्याविषयी त्याचं मत अनुभवातून आलेलं असतं. अशा माणसाने अर्धा दिवस मोडून मुलांना शेत दाखवलं आणि 'हे आमच्या उपयोगाचं नाही' असं स्पष्ट सांगितलं, तर त्याने प्रकल्पाला कुठल्याही धनादेशापेक्षा जास्त दिलं असं मी मानतो. त्याच्याकडे पुन्हा जाऊन, 'तुमच्या सांगण्यावरून आम्ही हे बदललं', एवढं सांगायला हवं; तो त्याचा हक्क आहे. मुलाखत घेऊन गेलेली शहरी मंडळी परत कधी येत नाहीत, हा गावांचा जुना अनुभव आहे आणि तो पुसणं या मुलांच्या हातात आहे.

गेल्या हिवाळ्यात एका चमूचं आभाराचं पत्र मला आलं. मी दिलेली रक्कम लहान होती. पत्रात ती कशावर खर्ची पडली ते लिहिलं होतं: प्रायमरच्या दोन जोड्या आणि अगारचा एक डबा. खाली जेलचं छायाचित्र होतं, बाणाने बँड दाखवलेला. आणि पुढे सरळ लिहिलं होतं की प्रथिन तयार झालं, पण ते अपेक्षित काम करताना आढळलं नाही. कारणं शोधत आहोत, तुमच्या पैशातून घेतलेले प्रायमर पुढच्या वर्षीची मुलं वापरतील. शेवटी सगळ्या मदतनिसांची यादी होती, त्यात मामांचं नाव सल्लागार प्राध्यापकांच्या लगेच खाली. यश मिळालं असं सांगणारी पत्रं पुष्कळ येतात. अपयश असं नीट, पुराव्यासकट सांगणारं पत्र ज्यांनी लिहिलं, त्या मुलांना मी पुन्हा मदत करीन.

तुमच्या जुन्या महाविद्यालयात असा एखादा चमू असेल, तर या वर्षी त्यांची चौकशी करा. पैसे द्या, जमेल तेवढे. पैसे नसतील तर एखादी संध्याकाळ त्यांचं सादरीकरण ऐका आणि न समजलेलं विचारा, किंवा तुमच्या ओळखीच्या शेतकऱ्याशी, डॉक्टरशी त्यांची गाठ घालून द्या. मात्र देताना एक अट घाला: काय झालं ते कळवा, जमलं नाही तरी कळवा. आणि मुलांनो, पॅरिसहून आल्यावर फराळाच्या गडबडीतही पहिल्या आठवड्यात पत्रं लिहा. मामांना पत्र पाठवू नका, लॅबमध्ये जाऊन त्यांना ते वाचून दाखवा आणि प्लेटवर काय उगवलं तेही समजावून सांगा.