मागणी परतेल, शहाणपण केव्हा?

परदेशातून येणाऱ्या संगणकीय कामांची मागणी सुधारण्याची चिन्हे दिसू लागली की, ‘मध्यम आकाराच्या आयटी कंपन्यांचे समभाग घ्या’ अशी हाकाटी सुरू होते. ही हाकाटी आज दलाल स्ट्रीटपुरती राहिलेली नाही. भ्रमणध्वनीवरून ती परभणीच्या मध्यमवर्गीय घरांत पोहोचली असून निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी तिचे लक्ष्य आहे.

‘मागणी वाढली म्हणजे गुंतवणूकदाराचा लाभ ठरलेलाच’ हा या प्रचाराचा पाया. तो किती भुसभुशीत आहे, हे परभणीकराला वेगळे सांगावे लागू नये. शिवारात कापूस भरघोस आला म्हणजे हाती पैसा आला, असे मोंढ्यात कोणी मानत नाही. तेथे प्रश्न भावाचा असतो. हा व्यवहार जाणणारा माणूस समभाग घेताना मात्र भाव विचारायला विसरतो!

इतिहास फार जुना नाही. कोरोनानंतर मागणी उसळली आणि २०२१ साली निफ्टी आयटी निर्देशांक जवळपास ६० टक्के चढला. पुढच्याच वर्षी तो सुमारे चतुर्थांश कोसळला. पुण्याच्या पर्सिस्टंट सिस्टीम्सचा महसूल २०२१-२२ मधील सुमारे ५,७०० कोटी रुपयांवरून २०२२-२३ मध्ये सुमारे ८,३५० कोटींवर गेला. तरीही २०२२ च्या अखेरीस तिचा समभाग वर्षारंभीच्या भावाखालीच होता. काम वाढले आणि भाव उतरला. कारण उद्याची आशा बाजाराने आधीच विकत घेतली होती.

मध्यम कंपन्यांची प्रकृतीही ओळखली पाहिजे. त्या वेगाने वाढतात, हे खरे. पण अनेकदा त्यांचा मोठा महसूल मोजक्या ग्राहकांवर विसंबून असतो. एका ग्राहकाने हात आखडला की ताळेबंद हादरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. कृत्रिम बुद्धिमत्ता तर मनुष्य-तासांवर आकारणी करणाऱ्या धंद्याच्या मुळावरच घाव घालीत आहे. आणि कागदावरचे आकडे म्हणजे सत्य नव्हे, हे ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या रामलिंग राजूंच्या कबुलीजबाबाने देशाला शिकविले आहे.

मग ‘शेअर बाजार म्हणजे जुगार’ म्हणणारे बरोबर ठरतात काय? मुळीच नाही. परभणीची मुले हिंजवडीत रात्री जागवितात. त्यांच्या पगाराचा अभिमान घरोघरी मिरविला जातो. परंतु त्या श्रमातून उभ्या राहिलेल्या उद्योगाची मालकी दुसऱ्यांनीच घ्यावी, यात कसले शहाणपण? पर्सिस्टंट आणि केपीआयटी या दोन्ही कंपन्या १९९० साली मराठी उद्योजकांनी पुण्यात उभ्या केल्या. केपीआयटीने २०१९ च्या विभाजनानंतर वाहनांच्या सॉफ्टवेअरवर लक्ष एकवटले. स्वस्त मनुष्यबळ पुरविण्याहून विशेष ज्ञान विकणे अधिक टिकाऊ असते, हा त्यामागचा धडा आहे.

म्हणून मालक जरूर व्हावे. पण मालकाच्या डोळसपणाने. सर्वांत मोठ्या पाच ग्राहकांचा वाटा किती? नफ्याइतकी रोकड खरोखर जमा होते काय? नफ्याच्या किती पट भाव मागितला जात आहे? वार्षिक अहवालातून ही उत्तरे शोधण्याचा आळस असेल, तर म्युच्युअल फंडाचा मार्ग मोकळा आहे. मुलीच्या लग्नाचा वा औषधपाण्याचा पैसा मात्र या वाटेने नेऊच नये. मागणीची लाट येईल आणि ओसरेलही. पुंजी राखण्याचे काम कोणतीही लाट करीत नाही, ते घरातल्या कर्त्यालाच करावे लागते!