नारुसे यांच्या पडद्यावरचा जमाखर्च

मिकिओ नारुसे (1905–1969) या जपानी दिग्दर्शकाची ओळख बहुधा दुसरे जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या संदर्भातच करून दिली जाते. दुसऱ्या ओझूची गरज नाही, असे शोचिकु या चित्रसंस्थेच्या प्रमुखांनी नारुसे यांना ऐकवल्याचे सांगतात आणि 1930च्या दशकाच्या मध्यास ते, पुढे तोहो म्हणून नावारूपाला आलेल्या संस्थेकडे गेले. कौटुंबिक विषय आणि संयत मांडणी यांपुरते दोघांतील साम्य खरे असले, तरी पैसा हा विषय नारुसे जितक्या उघडपणे हाताळतात तितका ओझू हाताळत नाहीत, आणि हाच फरक निर्णायक आहे.

‘स्त्री जिना चढते तेव्हा’ (1960) मधील केइको ही विधवा टोकियोच्या गिन्झा भागातील एका बारची ‘मामा’, म्हणजे गिऱ्हाइकांची सरबराई पाहणारी प्रमुख, आहे. भारी किमोनो, अत्तर, चांगल्या वस्तीतले घर हा खर्च तिच्या धंद्याला चुकत नाही, आणि त्यातच भाऊ वकिलासाठी व पोलिओ झालेल्या मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी तिच्याकडेच हात पसरतो. अशा नायिकांना ‘सोशिक’ म्हणून गौरवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, कारण सोसणे हा त्यांचा स्वभाव नसून मिळकतीने त्यांच्यावर लादलेली मर्यादा आहे.

‘मिदारेरु’ (1964) मध्ये हे सूत्र अधिकच धारदार होते. युद्धात नवरा गमावलेल्या रेइकोने सासरचे किराणा दुकान पुन्हा उभे केलेले असते, परंतु जवळच सुपरमार्केट निघून स्वस्त अंडी विकू लागते आणि त्याच सुपरमार्केटची माणसे बारमधल्या मुलींना पैजेवर उकडलेली अंडी खायला लावतात. अन्नाची ही नासाडी पाहून धाकटा दीर कोजी भडकतो. त्याचे वहिनीवर प्रेम आहे, आणि ते कळल्यावर ती माहेरी निघते तेव्हा तो त्याच गाडीत चढतो. सुरुवातीला दूर असलेला कोजी गर्दी ओसरेल तसा जागा बदलत जवळ येतो आणि अखेर तो झोपलेला असताना रेइकोला रडू कोसळते. एकाच्या नजरेवरून दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जाणाऱ्या संकलनाने, म्हणजे दृश्यांच्या जोडणीने, ही जवळीक जवळजवळ शब्दांवाचून घडते आणि रेइकोच्या भूमिकेतील हिदेको ताकामिने यांचा अभिनय तिला पेलून धरतो.

नारुसे यांची सर्वोत्तम कृती म्हणून ‘उकिगुमो’ (1955) चे नाव सहसा पुढे येते, आणि तो थोर चित्रपट आहेच. मात्र त्यातील प्रेमाचा ध्यास सर्वस्व पणाला लावणारा आहे, तर दुकानाच्या गल्ल्याशी बांधलेले मन ‘मिदारेरु’मध्येच पूर्णपणे दिसते.