मालकामागें राहिलेली आगगाडी

घरांतील कर्ता पुरुष डोळे मिटतो, आणि त्यानें हौसेनें सांभाळलेल्या वस्तूंचें पुढें काय, हा प्रश्न मागें राहिलेल्यांसमोर उभा राहतो. कोणी त्या मोडींत काढतो, कोणी माळ्यावर टाकतो. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील टाउइन या गांवीं हाच प्रश्न १९५० सालीं एका आगगाडीबाबत उभा राहिला. त्याचा निकाल कसा लागला, तें वाचकांस सांगावेंसें वाटतें.

या गांवीं 'व्हार्फ', म्हणजे धक्का, या नांवाचें एक स्थानक आहे. हा धक्का जहाजांचा नव्हे. डोंगरांतील ब्रिन एग्लविस खाणींतून निघालेला पाटीचा दगड टॅलिलिन रेल्वेनें येथें येई व मोठ्या रेल्वेच्या वाघिणींत भरला जाई. सव्वादोन फूट रुंदीचा हा लोहमार्ग १८६५ सालीं तयार झाला. १९११ सालीं हेन्री हेडन जोन्स या पार्लमेंटच्या सभासदानें खाण व रेल्वे दोन्ही विकत घेतल्या.

१९४६ सालच्या अखेरीस खाणींत कडा कोसळला व ती बंद पडली. १९४८ सालीं ब्रिटनमधील रेल्वे सरकारच्या मालकीच्या झाल्या, त्यांतूनही ही चिमुकली रेल्वे वगळली गेली. तरी, आपण आहों तोंपर्यंत गाडी चालेल, हा शब्द जोन्स यांनीं तोटा सोसूनही पाळला. २ जुलै १९५० रोजीं ते वारले.

यापुढें भंगारवाल्यानेंच यावयाचें. परंतु त्याच वर्षीं आक्टोबरांत टॉम रोल्ट या लेखकाच्या पुढाकारानें बर्मिंगहॅम येथें सभा भरली, आणि हौशी मंडळींनीं रेल्वे चालविण्याचा विडा उचलला. जोन्स यांच्या पत्नीनेंही ती त्यांच्या हातीं जाऊं दिली. १४ मे १९५१ रोजीं व्हार्फ स्थानकांतून त्यांची पहिली गाडी सुटली. स्वयंसेवकांनीं वांचविलेली जगांतील ही पहिली रेल्वे होय.

हें ऐकावयास गोड. करणें मात्र कठीण होतें. रुळांखालचीं लाकडें कुजलेलीं, गवत माजलेलें, आणि चालण्याजोगें इंजिन एकच, तेंही १८६६ सालचें. सुदैवानें १९४८ सालीं बंद पडलेल्या शेजारच्या कॉरिस रेल्वेची रुंदी तेवढीच होती. तिचीं दोन इंजिनें विकत घेतां आलीं. आपापला पोटाचा उद्योग सांभाळून आलेल्यांनीं फावडीं हातीं घेतलीं. मुलांसाठीं आगगाड्यांच्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री हेही त्यांत होते.

कोणी म्हणेल, खाण गेली, माल गेला. मग एका जुन्या गाडीपायीं एवढा खटाटोप कशाला? आमचें उत्तर असें कीं, २०२१ सालीं वायव्य वेल्समधील पाटीच्या दगडाचा प्रदेश युनेस्कोनें जागतिक वारसा ठरविला, आणि त्यांत ही रेल्वे आहे. १९५० सालीं रूळ उखडले असते, तर तेथील खाणकामगारांच्या पिढ्यांनीं केलेल्या श्रमांची ही चालतीबोलती खूण कोणास दाखवितां आली असती?

तथापि केवळ अभिमानानें ती टिकली नाहीं. जुनी वस्तु राखावयाची, तर तिला नित्य तेलपाणी करणारें माणूस हवें. आपल्या घरच्या वडिलार्जित ठेव्याविषयीं बोलतांना एवढें लक्षांत असूं द्यावें.