‘आपल्या भागातली फिल्म कानला!’ म्हणजे नक्की कुठे?

मे महिना आला की फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवाचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. अशात शिरूर किंवा दौंडच्या एखाद्या पोराची शॉर्टफिल्म ‘कानमध्ये निवडली’ अशी पोस्ट पडली, तर अभिनंदनाचा फ्लेक्स लागायला वेळ लागत नाही. पण कानला जाण्याचे रस्ते चार आहेत आणि चारहींचा मान सारखा नाही.

पहिला रस्ता : निवड

महोत्सवाची समिती चित्रपट बघून निवडते. सगळ्यात मानाची ती मुख्य स्पर्धा. शाहीर होनाजी बाळावरचा व्ही. शांताराम यांचा मराठी ‘अमर भूपाळी’ १९५२ मध्ये तिथे होता. २०२४ मध्ये पायल कपाडिया यांच्या चित्रपटाने याच स्पर्धेत ग्रां प्री मिळवलं. त्या पुण्याच्या एफटीआयआयच्या विद्यार्थिनी. फिल्म शाळांच्या विद्यार्थ्यांसाठी ‘ला सिनेफ’ हा वेगळा विभाग आहे. त्याच वर्षी तिथलं पहिलं बक्षीसही एफटीआयआयच्याच चिदानंद नाईक यांना मिळालं.

दुसरा रस्ता : पाहुणा म्हणून

यात परीक्षक येतात, तसेच जुन्या चित्रपटांवर बोलणारे कलाकार, अभ्यासक आणि जतन करणारेही. पायल कपाडिया २०२५ मध्ये मुख्य स्पर्धेच्या परीक्षक होत्या. २०२४ मध्ये स्मिता पाटील यांची भूमिका असलेला ‘मंथन’ दुरुस्त होऊन ‘कान क्लासिक्स’मध्ये दाखवला गेला, तेव्हा नसीरुद्दीन शाह हजर होते.

तिसरा रस्ता : बाजार

महोत्सवाला लागूनच चित्रपटांचा बाजार भरतो. पैसे भरून नोंदणी करायची, हॉल घ्यायचा आणि खरेदीदारांना चित्रपट दाखवायचा. महाराष्ट्र शासनही मराठी चित्रपट इथे पाठवतं. यात कमीपणा काही नाही, व्यवसायासाठी ते गरजेचंच आहे. फक्त याला ‘कानमध्ये निवड’ म्हणता येत नाही.

चौथा रस्ता : रेड कार्पेट

इथे दिसणारे बरेच चेहरे प्रायोजक ब्रँडच्या आमंत्रणावरून आलेले असतात. त्यांचा चित्रपट तिथे असेलच असं नाही.

मग आपल्याला काय त्याचं?

फरक कळला नाही तर खिसा रिकामा होतो. ‘कान’ हे नाव लावलेल्या, पण मूळ महोत्सवाशी संबंध नसलेल्या स्पर्धा ऑनलाइन आहेत. फी भरली की प्रमाणपत्र मिळतं. त्यामुळे ईमेल आला की आधी विभागाचं नाव विचारा आणि महोत्सवाच्या अधिकृत यादीत आपली फिल्म आहे का ते बघा. यादीत नाव नसेल तर निवड झालेली नाही.

खरी निवड आपल्या मातीपासून लांब आहे, असंही नाही. शिरूर-दौंडच्या जुन्या पिढीला जत्रेतला तमाशाचा फड आणि तंबूतला सिनेमा सांगावा लागत नाही. महाराष्ट्रातल्या याच फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ मध्ये तो ‘कान क्लासिक्स’मध्ये दाखवला गेला आणि माहितीपटांच्या पुरस्कारात त्याचा विशेष उल्लेख झाला. त्यासाठी दोघांनी अनेक वर्षं त्या तंबूंच्या मागे घालवली होती. पैसे भरून मिळालेल्या प्रमाणपत्राला एवढा वेळ लागत नाही.